मैदानाआधीचा फॉर्म

(दृश्य : रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, पहाट. बोटींवर बर्फ चढतोय.)

1 ऑगस्ट. जून-जुलैचे 61 दिवस बंद असलेली यांत्रिकी मासेमारी आज सुरू होते. मिरकरवाड्याला, हर्णैला, देवगडला बोटीचे मालक खलाशी शोधत फिरतायत. साधारण याच दिवसांत कॉलेजच्या जिमखान्याबाहेर नोटीस लागते : आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, संघनिवड. पोरगा चढाईत पटाईत, पण घर हातावर पोट असलेलं. तो बोटीवर जाणार की कॉलेजात, हे बहुतेक वेळा आई ठरवते. जिमखान्याच्या सरांना ते नंतर कळतं.

(दृश्य : जिमखान्याची खोली. टेबलावर फोटो चिकटवलेले फॉर्म.)

या फिल्ममध्ये सामने फारसे दिसणार नाहीत. दिसेल तो हा एलिजिबिलिटी फॉर्म, कॉलेजकडून कोण खेळू शकतो हे ठरवणारा कागद. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. दहावी कधी, बारावी कधी. कॉलेजात पहिला प्रवेश कोणत्या साली, आता कोणत्या वर्गात, याआधी विद्यापीठाकडून कधी खेळलास. फोटोवर शिक्का, खाली प्राचार्यांची सही. उजव्या कोपऱ्यात उभा राहतोस की डाव्या, एका चढाईत किती गडी मारतोस, असलं काही हा कागद विचारत नाही.

नियम भारतीय विद्यापीठ संघाचे. 1925 पासूनची ही संस्था, आंतरविद्यापीठ स्पर्धा तिच्याच देखरेखीखाली होतात. खेळाडू पूर्णवेळ शिकणारा हवा, अभ्यासक्रम निदान एका शैक्षणिक वर्षाचा हवा, वय 17 ते 25 मध्ये हवं. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही. बारावी झाल्यावर किती वर्षं खेळता येईल, यालाही मर्यादा आहे.

या अटी उगाच आलेल्या नाहीत. त्या नसत्या, तर तिशीतला कसलेला गडी कुठल्यातरी पदविकेला नाव घालून विद्यापीठाची जर्सी चढवून उतरला असता, आणि अठरा वर्षांचं पोर राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून राहिलं असतं. तेव्हा नियमाशी आमचं भांडण नाही. पण पूर्णवेळची अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा वसतिगृहात राहणारा मुलगा होता. खाडीपलीकडच्या वाडीतून येणारा नव्हता.

(दृश्य : सकाळची एसटी. दप्तरं मांडीवर घेऊन उभी असलेली मुलं-मुली.)

आता निकाल बघा. राज्य मंडळाचा कोकण विभाग 2012 मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. दहावी असो की बारावी, उत्तीर्णांच्या टक्केवारीत हा विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. म्हणजे इथली मुलं अभ्यासात मागे आहेत म्हणून अपात्र ठरतात, असं म्हणायची सोयच नाही. अडतं ते बारावीनंतर, आणि अडतं ते हजेरीत.

मुंबई विद्यापीठात सरासरी 75 टक्के हजेरी लागते. स्पर्धेला गेलेल्या दिवसांची सवलत मिळू शकते, पण सरावाच्या दिवसांचं काय? संध्याकाळी सराव आटोपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते. मुलींच्या संघाचं यानेच जास्त नुकसान होतं. खो-खोची चांगली धावणारी मुलगी सराव अर्धा टाकून स्टँडकडे पळते, कारण पुढची गाडी उद्या सकाळीच. बोटीवर किंवा आंब्याच्या बागेत गेलेल्या दिवसांना तर कसलीच सवलत नाही. आणि आंबा उतरतो एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर.

मग केटी लागते, म्हणजे नापास झालेला विषय मागे राहतो. एक-दोन विषयांची केटी असली तरी पुढच्या वर्गात जाता येतं, आणि पुढच्या वर्गात नाव आहे तोवर खेळताही येतं. विषय जास्त साठले की ड्रॉप. ड्रॉप लागलेला मुलगा वर्षभर कुठल्याच वर्गात नसतो, त्यामुळे त्याचा फॉर्मच भरता येत नाही. गावच्या मैदानावर तो खेळतच असतो, कदाचित पूर्वीपेक्षा चांगला. वय मात्र थांबत नाही. तो परत येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा चढाईपटू तयार झालेला असतो.

(दृश्य : आंबा घाट. धुक्यातून वर चढणारी बस.)

इथे एक गंमत सांगायला हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गचा शाळकरी खेळाडू विभागीय स्पर्धेला कोल्हापूरकडे जातो, कारण क्रीडा खात्याच्या हिशेबात हे दोन जिल्हे कोल्हापूर विभागात येतात. घाट चढायचा, मातीत किंवा मॅटवर खेळायचं, रात्री उतरायचं. बारावी झाली, पदवीला प्रवेश घेतला, की तोच मुलगा मुंबई विद्यापीठाचा होतो. आता निवड चाचणीला रत्नागिरीहून साडेतीनशे किलोमीटरवरच्या मुंबईकडे बघायचं. शाळेत ज्या प्रशिक्षकांनी त्याला हेरलं होतं, ते घाटाच्या वर राहिले. मुंबईत त्याला ओळखणारं कुणी नाही. कोकणकन्येने रात्रभर बसून जायचं आणि सकाळी अंग आखडलेलं असताना चाचणी द्यायची. चांगल्या खेळाडूला मुंबईची कॉलेजं स्वतःहून बोलावतात, फी माफ करतात, राहायची सोय बघतात. मुलाच्या दृष्टीने हे बरंच आहे. गावाकडच्या कॉलेजचा संघ मात्र दर दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो.

अमेरिकेत हा व्यवहार उलट्या टोकाने सुरू होतो. तिथे कॉलेजच्या खेळांवर एनसीएए या संघटनेचा अंमल चालतो. पहिल्या श्रेणीत, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, खेळायचं तर शाळेतले 16 मुख्य विषय पूर्ण हवेत, त्यांत 4 पैकी निदान 2.3 सरासरी हवी. त्यातले 10 विषय शेवटच्या वर्षाआधीच संपवायचे. कॉलेजात गेल्यावरही सुटका नाही. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा 40 टक्के भाग, तिसऱ्याअखेर 60, चौथ्याअखेर 80 टक्के पुरा व्हायला हवा, नाहीतर मैदान बंद. तिथे पळवाटा काढणारे निघालेच, त्यावरून मोठी प्रकरणंही गाजली. पण पोराची पदवी कुठवर आली, हे तिथे कुणीतरी सक्तीने मोजतं. आपला फॉर्म वर्गात नाव आहे का एवढं बघतो आणि पुढे सरकतो. चार वर्षं विद्यापीठाकडून खेळलेला मुलगा पदवीशिवाय बाहेर पडला, तरी आपल्याकडे त्याचा जाब कुणाला द्यावा लागत नाही. मला हे जास्त खटकतं.

(दृश्य : सायबर कॅफे. स्कॅनरवर प्रमाणपत्रं.)

प्रवेशाच्या वेळी खेळाचा उपयोग होतो, पण तो आधी माहीत असावा लागतो. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार 25 पर्यंत वाढीव गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो, तिथून मंडळाकडे. अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी 5 टक्के जागा असतात. 2025 पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला आणि गावोगावची कनिष्ठ महाविद्यालयं त्यात आली. पूर्वी कॉलेजात जाऊन सरांना प्रमाणपत्र दाखवलं की काम व्हायचं. आता अर्ज भरताना खेळाडूच्या रकान्यात खूण करायची राहिली, तर ते प्रमाणपत्र असून नसल्यासारखं.

आणि नोकरी. किनाऱ्यावरच्या आईबापांना कबड्डी पटते ती इथे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, मात्र प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केलेलं असलं, तरी अर्ज करता येतो. त्यासाठी ठरलेला नमुना आहे, नमुना क्रमांक 3, आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाची सही लागते. गावातल्या खुल्या स्पर्धांच्या ढाली घरोघर टीव्हीच्या कपाटावर ओळीने मांडलेल्या दिसतात. त्या गावात मान मिळवून देतात, पण या नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना नाही.

नमुना 3 वरची सही स्पर्धा संपल्या संपल्या घ्यावी. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ केली, तर विद्यापीठात त्या वर्षीची संघयादी शोधण्यापासून सुरुवात होते, आणि अर्जाची मुदत तोवर थांबत नाही. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. पडताळणीला तीच प्रत बघतात, आणि प्लास्टिकखालची सही आणि शिक्का नीट तपासता येत नाही.