दारावरचा कचरा

(दृश्य : पुण्यातली सकाळ. सोसायटीचा जिना. दोन्ही हातांत बादल्या घेऊन उतरणारी कचरावेचक बाई.)

बादली रस्त्याकडेला उलटी होते. दुधाच्या पिशव्या एका पोत्यात, पुठ्ठा दुसऱ्यात, पाण्याच्या बाटल्या तिसऱ्यात. प्लॅस्टिक बोटांत चुरगाळलं, की तिला कळतं भंगारवाला ते घेईल की नाही.

हेच काम पूर्वी कचराकुंडीत उतरून, कुत्र्यांना हाकलत व्हायचं. वर चोरीचा आळ. १९९३ साली कामगारनेते बाबा आढावांच्या साथीनं कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. संघटनेच्या ओळखपत्राला पुढे महापालिकेनं मान्यता दिली. कमरेच्या पिशवीत ते कार्ड असलं, की हटकणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो.

२००० साली केंद्राचे नियम आले : कचरा दारोदार जाऊन गोळा करा. नियम चांगलाच. पण कचरा ठेकेदाराच्या गाडीत गेला, तर या बायकांनी वेचायचं काय? संघटनेनं उलट विचारलं, दारावर आम्हीच गेलो तर?

२००८ साली कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था आणि पुणे महापालिका यांच्यात करार झाला. घरटी महिन्याचं शुल्क बाईला, सुका कचरा विकून येईल तो पैसाही तिचाच. महापालिका साधनं आणि व्यवस्थापनाचा खर्च देणार. सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र महापालिकेला जवळपास फुकटात देता आली : दारापर्यंत जायची अधिकृत मुभा.

(दृश्य : वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी, त्यावर लाल ठिपका.)

सॅनिटरी पॅड. विकत कोणी घेत नाही, उचलावं तर लागतंच. २०१३ साली कचरावेचकांनी वापरलेले पॅड पोत्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवले. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पॅडसोबत, तो टाकताना गुंडाळायला वेष्टन देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, हेही त्याच नियमांत होतं.

करार मात्र मुदतीचा. मुदत भरत आली, की पुन्हा बैठका, पुन्हा फायली, पुन्हा ठेकेदाराचं नाव हवेत. इतक्या वर्षांच्या कामानंतर हे जरा अतीच वाटतं.

(दृश्य : फीडर पॉइंट, म्हणजे गोळा केलेला कचरा महापालिकेच्या गाडीत चढवायची जागा.)

ओला कचरा महापालिकेच्या गाडीत गेला. पोती भंगारच्या दुकानात काट्यावर चढली. पुठ्ठ्याचा भाव आज उतरलाय. ती काट्याकडे बघते, मग दुकानदाराकडे, आणि म्हणते, “परत मोजा.”