रोमचा चढउतार, रात्री स्कूटरवरून

नमस्कार श्रोतेहो. आज आपण रोमला जाऊ. तेही रात्री, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून. तिथं अशा फेऱ्या निघतात. वाटाड्या स्वतः स्कूटर चालवतो, पाहुणा मागे बसतो, आणि दोन-तीन तासांत बरंच शहर नजरेखालून जातं.

स्कूटर बहुधा व्हेस्पाच. विमानं बांधणाऱ्या पियाजियो कंपनीनं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ती बाजारात आणली. आपल्याकडे १९६०च्या दशकात बजाज ऑटो परवाना घेऊन हीच व्हेस्पा बनवत होती, आणि १९७२ची चेतकही तिच्याच घडणीची. लहानपणी वडिलांच्या पुढ्यात उभं राहून ज्यांनी गाव पाहिलं, त्यांना ही गाडी परकी वाटणार नाही.

पण स्कूटरच का? दिवसा पायी फिरताना रोम सुटं सुटं भेटतं. आज कोलोसियम, उद्या पँथिऑन. मधली जमीन लक्षातच येत नाही. हे शहर सात टेकड्यांवर वसलं, हे शाळेत पाठ केलेलं असतं. स्कूटरवर मात्र ते अंगाला कळतं. इंजिनाचा आवाज जड होतो तेव्हा आपण टेकडी चढतोय, गार वारा लागतो तेव्हा नदीकडे उतरतोय.

फेरी जानिकोलोच्या टेकडीवरून सुरू करावी, असं मी आग्रहानं सांगेन. ती त्या सातांमधली नव्हे, टायबर नदीच्या पलीकडची. पण सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं ते इथूनच. इथं आक्वा पाओला नावाचं भलंमोठं कारंजं आहे, १६१२ सालचं. सम्राट त्रायान यानं इ.स. १०९ मध्ये ब्राच्चानो सरोवराच्या परिसरातून कालव्यानं पाणी आणलं होतं. तो मोडलेला कालवा पोप पाचवे पॉल यांनी पुन्हा वाहता केला. जुन्या काळी या उतारावर त्याच पाण्यानं पिठाच्या चक्क्या फिरत. ५३७ साली गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी शहराला वेढा घातला, कालवे तोडले आणि चक्क्या थांबल्या. तेव्हा शहर राखणारा पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती बेलिसारियस यानं टायबरमध्ये होड्या बांधून ठेवल्या, त्यांच्यामध्ये पाणचक्क्या बसवल्या आणि शहराचं पीठ नदीच्या धारेवर दळून घेतलं! रात्री त्या उतारावरून नदीकडे येताना ही हकिगत ऐकावी. पाणी कुठून कुठं धावत होतं, ते समोर दिसतं.

नदी ओलांडली की सर्कस मॅक्सिमस. रथांच्या शर्यतींचं हे मैदान आता गवताची लांबलचक खोलगट जागा आहे. दोन टेकड्यांमधली दरीच ती; प्रेक्षकांना बसायला उतार आयते मिळाले. शेजारच्या आव्हेंतिनो टेकडीवर माल्टाच्या सरदारांच्या मठाचा दरवाजा आहे. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला, की दोन्हीकडच्या झाडोऱ्याच्या बरोबर मध्ये व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चर्चचा उजळलेला घुमट दिसतो. रांग असली तरी थांबावं.

कोलोसियमसमोरचा मोठा रस्ता २०१३ पासून खासगी वाहनांना बंद आहे, स्कूटरलासुद्धा. हे फार चांगलं झालं. वाटाड्या मग कोल्ले ओप्पिओ या टेकडीच्या बाजूनं नेतो आणि कोलोसियम थोडं उंचावरून दिसतं.

आता थोडं जपण्याबद्दल. जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडाच्या छोट्या फरश्या आहेत, सांपिएत्रीनी. पाऊस पडला की त्या निसरड्या होतात. म्हणून स्वतः चालवण्याचा हट्ट नको, मागेच बसा. हेल्मेट सक्तीचं आहे, आणि पायांत बंद बूट हवेत.

शेवटचा थांबा ट्रेव्ही कारंजं ठेवा, तेही मध्यरात्रीनंतर, गर्दी ओसरल्यावर. सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा यानं इ.स.पू. १९ मध्ये आणलेल्या कालव्याचं पाणी इथं येतं. हा कालवा सखल पातळीवरून येतो, पाण्याला जोर कमी, म्हणून कारंज्याचं कुंड चौकापेक्षा खाली आहे. जानिकोलोवरून निघाला असाल, तर ते इतकं खाली का, हे तिथं कुणाला विचारावं लागणार नाही.