डॉक्टरच्या पर्समध्ये पिस्तूल असावं का?

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या एका तरुण सहकारी डॉक्टरनं मला विचारलेला प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवते. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. खाली छोटं प्रसूतिगृह आणि वरच्या मजल्यावर घर. काही महिन्यांपूर्वी तिच्याकडे एक बाळ दगावलं. त्या रात्री नातेवाइकांनी रिसेप्शनची काच फोडली, आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीनं ते जिन्यावरून पाहिलं. त्यानंतर घरात एकच विषय. "मॅडम, पिस्तुलाच्या लायसन्ससाठी अर्ज करू का? पर्समध्ये ठेवीन. कुणाला कळणारसुद्धा नाही."

या प्रश्नाला मी हसले नाही, आणि तुम्हीही हसू नका. भीती खरी आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावानं इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बाहेर पडले, तेव्हा कुठे सरकारी रुग्णालयांत सुरक्षा बलाचे जवान दिसू लागले. १० मे २०२३ ला केरळमधल्या कोट्टारक्करा इथल्या तालुका रुग्णालयात डॉ. वंदना दास ही तरुण डॉक्टर ड्युटीवर होती. पोलिसांनी एका माणसाला मलमपट्टीसाठी आणलं आणि त्यानं तिला भोसकून मारलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मग एखाद्या डॉक्टरला वाटलं, की आपलं रक्षण आपणच करावं, तर तिला वेडं कसं म्हणायचं?

तरीही मी तिला म्हटलं, "नको." का, ते सांगते.

मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्यातले बरेच जण एका दवाखान्याला बांधलेले नसतात. फोन आला की निघायचं. आमच्या सोलापुरात विजापूर रोडला सिझेरियन, तिथून अक्कलकोट रोडला अपेंडिक्स, मध्यरात्री सात रस्त्याजवळ कुणाचा तरी अपघात. पेशंटला पूर्ण भूल देताना आमची अवस्था काय असते, ते ऐका. औषध गेलं की त्याचा श्वास थांबतो. आता त्याच्या श्वासाची जबाबदारी माझी. डाव्या हातात घसा उघडून दाखवणारा लॅरिंगोस्कोप, उजव्या हातात श्वासाची नळी, नजर त्याच्या घशात स्वरयंत्राच्या फटीवर. शेजारी सिस्टर गळ्यावर बोट दाबून उभी. त्या मिनिटभरात दारावर कुणी लाथ मारली, तरी मला मान वळवता येत नाही. मग पिस्तूल असेल कुठे? ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे कपडे म्हणजे नाडीची विजार आणि ढगळ सदरा. कमरेला लावलं तर वाकताना टोचेल, दिसेल. पर्समध्ये ठेवलं तर पर्स चेंजिंग रूमच्या खुंटीला, जिथे सिस्टर, मावशी, विद्यार्थिनी सगळ्या ये-जा करतात. आपला शस्त्र नियम सांगतो, की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असावं. खुंटीला टांगलेली पर्स हा कसला ताबा?

आणि हे फक्त ओटीपुरतं नाही. छाती दाबून हृदय सुरू करताना, पेशंटला स्ट्रेचरवरून पलंगावर घेताना, झटके आलेल्या माणसाला धरताना आम्ही सतत लोकांच्या अंगाशी असतो. आमच्या कमरेपर्यंत कुणाचाही हात पोचतो. दारूच्या नशेतला, मेंदूला ताप चढलेला, साखर उतरून भ्रमात गेलेला, असा प्रत्येक पेशंट आम्हाला कवटाळतो.

याचा हिशोब अमेरिकेत मांडला गेला आहे, कारण तिथे बंदुका मुबलक आहेत. २००० ते २०११ या काळात तिथल्या रुग्णालयांत झालेल्या १५४ गोळीबारांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात झालेल्या गोळीबारांपैकी २३ टक्के वेळा वापरलेलं शस्त्र सुरक्षारक्षकाकडूनच हिसकावलेलं होतं. म्हणजे ज्याचं कामच शस्त्र सांभाळणं, त्याच्या हातून ते गेलं. आपल्या कोट्टारक्कराच्या घटनेतही हल्लेखोरानं बाहेरून काही आणलं नव्हतं. त्यानं तिथलीच सर्जिकल कात्री उचलली होती.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनाही पटकन सुचत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो इथे एक वकील आपल्या आईला एमआरआयसाठी घेऊन गेला होता. कमरेला परवान्याचं पिस्तूल होतं. धातूच्या वस्तू बाहेर ठेवा, असं सांगूनही ते तसंच राहिलं. एमआरआय यंत्रातल्या चुंबकानं पिस्तूल ओढलं, गोळी सुटली, त्याच्याच पोटात घुसली आणि पुढे तो गेला. आपल्याकडे एमआरआयच्या खोलीत पेशंटबरोबर दिवसातून कितीदा जावं लागतं, ते त्या विभागातल्या कुठल्याही टेक्निशियनला विचारा.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते अर्धवट होईल. २४ जुलै २०१४ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डार्बी गावी, रुग्णालयाच्या आवारात एका मनोरुग्णानं त्याच्या केसवर्कर, म्हणजे त्याची देखरेख करणाऱ्या समाजसेविका बाईला गोळी घालून मारलं आणि मग डॉक्टरवर नेम धरला. डॉक्टर टेबलामागे वाकला, स्वतःचं पिस्तूल काढलं आणि त्याला जखमी केलं. हल्लेखोराकडे आणखी बऱ्याच गोळ्या होत्या. पोलिसांनीच म्हटलं, की डॉक्टरनं अनेकांचे जीव वाचवले. त्या रुग्णालयात डॉक्टरला शस्त्र आणायला बंदी होती, हेही खरं. त्या दिवशी त्या खोलीत पिस्तूल होतं म्हणून माणसं वाचली. हे मी नाकारत नाही.

पण श्रोतेहो, सोलापुरात डॉक्टरवर हल्ला होतो, तेव्हा समोर एकटा बंदूकधारी नसतो. मंगळवेढ्याहून किंवा दक्षिण सोलापूरच्या गावाकडून टेम्पो भरून माणसं आलेली असतात. वीस-तीस जण जिन्यात. पुढचे चार ओरडतात, मागच्या दहांना काय झालंय तेच ठाऊक नसतं, आणि दोघं मोबाइल वर धरून शूटिंग करत असतात. धक्का बसतो, थोबाडीत बसते, खुर्ची उडते. अशा वेळी पिस्तूल काढून करायचं काय? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, तोही भक्कम आहे. पण मारण्यापर्यंत तो मोजक्या गंभीर प्रसंगांतच जातो, मुख्यतः जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापत होण्याची वाजवी भीती असते तेव्हा. शिवाय गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा तो देत नाही. काच फोडणाऱ्यावर गोळी झाडली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात डॉक्टरच उभी राहील. आणि गोळी चुकली तर? वॉर्डातल्या दोन पलंगांमध्ये कापडाचा पडदा असतो. पलीकडे आदल्या दिवशी बाळंत झालेली बाई झोपलेली असते.

आता लायसन्स. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळणारी परवानगी आहे. सोलापूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, शरीर आणि मन ठीक असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. ज्याला खरोखर ठरवून जिवे मारण्याची धमकी आहे, खंडणीसाठी फोन येतात, त्यानं आधी पोलिसांत लेखी तक्रार करावी आणि मग या वाटेनं जावं. तो प्रश्न वेगळा आहे. गावठी कट्ट्याचं तर नावही काढू नका. कुणी "मी बघतो, मिळवून देतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

परवान्याचं शस्त्र घरी आलं, की ते दवाखान्याच्या वेळेनंतरही घरातच असतं. हे बोलणं मला जड जातं, पण बोलते. माझ्या व्यवसायातली माणसं थकतात, रात्र-रात्र झोपत नाहीत, पेशंट गेल्याचं ओझं कुणाला सांगत नाहीत. कॅलिफोर्नियात अडीच कोटींहून अधिक लोकांची बारा वर्षांची माहिती तपासून २०२० मध्ये एक अभ्यास आला. ज्या पुरुषांकडे पिस्तूल होतं, त्यांचं बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट होतं. बायकांमध्ये सुमारे पस्तीसपट. मनाचा तो वाईट तास अनेकदा टळतो, माणूस सावरतो. हाताशी पिस्तूल असेल, तर सावरायला वेळच उरत नाही. त्या तरुण डॉक्टरला मी हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या रात्रीनंतर मला झोप लागत नाहीये." तोवर आमचं सगळं बोलणं पिस्तुलाच्या किमतीवर आणि परवान्याच्या फॉर्मवर चाललं होतं. ऐकणाऱ्यांत कुणी डॉक्टर, सिस्टर, ब्रदर असेल आणि मन असंच घेरलं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि ज्या घरात आधीच परवान्याचं शस्त्र आहे आणि माणूस खचलेला आहे, तिथे ते काही दिवस त्याच्या हाताशी राहणार नाही, याची व्यवस्था घरच्यांनी कायदेशीर मार्गानं करावी. संकोच करू नये.

सोलापूरच्या माणसाला इथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९१० मध्ये आपल्या गावात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, युद्धाच्या तोंडावर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच गेला. युद्धभूमीवरच्या डॉक्टरांबद्दल १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात एक तरतूद आहे. लष्करी वैद्यकीय पथकाला शस्त्र बाळगता येतं, पण फक्त स्वतःच्या आणि आपल्या ताब्यातल्या जखमींच्या रक्षणासाठी. तरीही त्यांचा मुख्य आधार लाल क्रॉसची खूण. ती दुरून दिसावी, ही माणसं आपल्याला मारायला आलेली नाहीत हे समोरच्याला कळावं, अशी सगळी व्यवस्था. लपवलेलं पिस्तूल याच्या अगदी उलट काम करतं. एकदा का गावात बोलबाला झाला, की "त्या मॅडमकडे घोडा (म्हणजे पिस्तूल) असतो," तर पुढच्या वेळी येणारा जमावही तयारीनं येईल.

मग करायचं काय? रस्त्यापुरतं सांगायचं, तर मी रात्री एकटी जात नाही. बोलावणाऱ्या दवाखान्यानं गाडी आणि माणूस पाठवायचा, ही माझी अट आहे, आणि सगळ्यांनी ती मान्य केली आहे. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर फोनमध्ये वर ठेवलेला असतो. दवाखान्यात रिसेप्शन आणि लेबर रूमच्या मधे आतून बंद होणारं भक्कम दार हवं, आणि डॉक्टरच्या खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट हवी. २०१० चा महाराष्ट्राचा कायदा खासगी दवाखान्यालाही लागू आहे. हल्ला हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या यंत्रसामग्रीच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. पण तक्रार त्याच रात्री द्यायला हवी. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ येतात, तडजोड होते, आणि काच फोडणारा मोकळा फिरतो.

मला मात्र सगळ्यात जास्त भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मृत्यूची बातमी कशी सांगितली जाते, यावर. एका दवाखान्यात मी पाहिलेलं सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणारी, विडी वळणारी एक आजी, तिची सून बाळंतपणात अत्यवस्थ. डॉक्टर बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये उभ्यानं इंग्रजी शब्द टाकत बोलू लागला. घरच्या पुरुषांचे चेहरे ताणले गेले. "म्हणजे काय झालं ओ? नीट सांगा की!" तेवढ्यात तेलुगू येणारी एक वयस्क सिस्टर पुढे झाली. आजीला बाकावर बसवलं, तिच्या तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांना हात लावला आणि तिच्या भाषेत सांगितलं, की रक्तस्राव थांबत नाहीये, सहा पिशव्या रक्त दिलं, अजून प्रयत्न चाललेत, पण आशा कमी आहे. अर्ध्या तासानं सून गेली. रडारड झाली, आक्रोश झाला. पण कुणी हात उचलला नाही, कारण अर्ध्या तासापूर्वी त्यांना खरं सांगितलेलं होतं.

आम्ही डॉक्टर हे फारसं शिकलो नाही. आमच्या वेळी पदव्युत्तर परीक्षेत औषधांचे डोस विचारायचे, मृत्यू कसा सांगायचा ते कुणी विचारायचं नाही. दर तासाला बाहेर येऊन दोन वाक्यं बोलणं, बातमी सांगताना आधी बसणं, आणि मरण पावलेल्याच्या अंगावरची चादर नीट केल्याशिवाय बिलाचा कागद पुढे न करणं, एवढं तरी आमच्या हातात आहे. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे राज्याच्या नियमांत २०२१ पासून लिहिलेलं आहे. तरी काही ठिकाणी अडवला जातो, आणि मग जो स्फोट होतो, त्याला मी नुसता जमावाचा दोष म्हणणार नाही.

आणि आता तुम्ही, जे आज घरी बसून ऐकताय आणि उद्या कुणाचे तरी नातेवाईक म्हणून आमच्या दारात उभे असाल. पेशंट दाखल करताना घरातला एक माणूस ठरवा, डॉक्टरांशी तोच बोलेल. शंका आली तर केसपेपरच्या प्रती लेखी मागा, ७२ तासांत त्या देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मृत्यूबद्दल संशय असेल, तर पोस्टमॉर्टेमची मागणी करा. हलगर्जी झाली असं वाटलं, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जा, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, पोलिसांकडे जा. डॉक्टरला जाब विचारण्याचा तुमचा हक्क आहे, आणि मी तुमच्या बाजूनं आहे. फक्त टेम्पो भरून येणाऱ्यांना फाटकाबाहेरच थांबवा. आत तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी घशात माझी नळी चाललेली असते.

नमस्कार.