गुन्ह्याचा नेमका बिंदू

सीताबर्डीजवळचा हा वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याच्याभोवतीचे चार घोडे म्हणजे नागपूरचा शून्य मैल, देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी नाते सांगणारी खूण. मोजणीचा असा वारसा असलेल्या शहरातही हिंसक गुन्ह्यांची चर्चा बहुधा ‘अमक्या ठाण्याच्या हद्दीत किती खून’ एवढ्यावरच थांबते, आणि त्या हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस संशयाच्या छायेत येतो.

प्रथम खबरी अहवालाचा हा कोरा नमुना पाहा. घटनास्थळ ठाण्यापासून कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे, यासाठी त्यात रकाना असतो. मात्र पत्ता ‘पानठेल्यामागे, मोकळ्या प्लॉटजवळ’ असा असेल, तर जागेवर जाऊन अक्षांश-रेखांश घेतल्याशिवाय त्या नोंदीचा नकाशावर बिंदू होत नाही. हे काम चिकाटीचे आहे. दशांशचिन्हानंतरचा तिसरा अंक एकाने चुकला, तरी बिंदू शंभरेक मीटर सरकतो आणि रस्त्यापलीकडच्या, काहीही संबंध नसलेल्या वस्तीवर जाऊन बसतो.

आता पडद्यावर क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत तयार होणारा घनतेचा नकाशा, म्हणजे बिंदू जिथे दाट तिथे गडद रंग दाखवणारा नकाशा, दिसतो आहे. यातले बिंदू सरावासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत. शोधत्रिज्या, म्हणजे प्रत्येक बिंदूचा प्रभाव भोवती किती अंतरापर्यंत धरायचा ते माप, १ किलोमीटर ठेवली तेव्हा तांबड्या डागाने अख्खी वस्ती झाकली होती. ती २०० मीटरवर आणताच तोच डाग फुटून एका गल्लीच्या तोंडाशी आणि एका बंद शेडपाशी उरला. बिंदू तेच, नोंदीही त्याच. बदलली ती केवळ त्रिज्या. म्हणूनच कोणताही ‘हॉटस्पॉट’ (गुन्हे दाटलेल्या जागांचा) नकाशा दाखवणाऱ्याला त्रिज्या विचारली पाहिजे, असे आम्हाला आग्रहाने वाटते.

फ्रान्समध्ये भूगोलतज्ज्ञ बाल्बी आणि वकील गेरी यांनी १८२९ मध्ये गुन्ह्यांचे नकाशे काढले, ते प्रदेशवार होते. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहराचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास थेट पत्त्यांपर्यंत उतरला, आणि पोलिसांना आलेल्या फोनपैकी निम्मे फोन शहरातील सुमारे ३ टक्के पत्त्यांशी निगडित असल्याचे आढळले. त्याच गल्लीतल्या इतर घरांवर ठपका ठेवायला मग आधार काय उरतो?

नेमकी जागा आणि नेमकी वेळ कळली, की गस्त, पथदिवे आणि मोकळ्या प्लॉटचे कुंपण यांबाबत निर्णय घेता येतात.

हा रस्ता रात्री अकराच्या सुमारास टिपलेला आहे. डावीकडच्या दोन खांबांवर दिवे लागले आहेत. तिसऱ्यावर दिवाच नाही.