आग विझल्यानंतरची वायरिंग

कुर्ला, सीएसटी रोड. जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या गॅरेजात एक काळी-पिवळी उभी आहे. बॉनेटखाली आग लागली होती, वेळेत विझली. इंजिन शाबूत आहे, पण सेल्फ मारत नाही.

मिस्त्री मालकाला चावी लावू देत नाहीत. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटते, सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद होतो. टाकीची तपासणी होईपर्यंत तो उघडायचा नाही. विम्यासाठी फोटो आत्ताच काढून ठेवायचे, एकही वायर हलवण्याआधी.

मग कारणाचा शोध. फ्यूज बॉक्समध्ये 15 अँपिअरच्या जागी 30चा फ्यूज निघतो. जुना सारखा उडायचा, म्हणून कुणीतरी मोठा बसवला. शॉर्ट झाला तेव्हा फ्यूज तगला आणि वायर पेटली. हा प्रकार थांबायलाच हवा.

खरी फसवणूक मात्र पुढे आहे. वायरवरचं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. मुंबईच्या पावसाळी हवेत त्याचं आम्ल व्हायला वेळ लागत नाही. आग विझवायला मारलेली पावडरही ओल धरते, धातू खाते. त्यामुळे ज्वाळा जिथे पोचल्याच नाहीत, तिथला कनेक्टरही उघडला की आत हिरवा निघतो.

अशा वायरवर मल्टिमीटर बिनदिक्कत 12 व्होल्ट दाखवतो. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, तांब्याची एक तार शिल्लक असली तरी त्याला पुरते. म्हणून मिस्त्री हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावतात. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. मिणमिणला, की ती वायर बाद. इंजिनाला गाडीच्या बॉडीशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ती जळाली असेल तर नवी बॅटरी आणूनही सेल्फ नुसता टक टक करतो.

जळक्या वायरिंगला जोड देऊन वर टेप गुंडाळणं स्वस्त पडतं. या टॅक्सीत रोज माणसं बसणार आहेत. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायलाच हवा.

नवा हार्नेस बसल्यावरही केबल थेट जोडत नाहीत. तोच बल्ब बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि सुटी केबल यांच्या मधे, सिरीजला लावतात, चावी बंद ठेवून. बल्ब भगभगीत पेटत राहिला, तर कुठेतरी शॉर्ट अजून आहे, पुन्हा शोध. नाही पेटला, की केबल घट्ट आवळायची आणि पेट्रोलवर सेल्फ मारून बघायचा.