पॅरिस, २०१५ : बुटांचा मोर्चा

चौकभर नुसते बूट. २९ नोव्हेंबर २०१५ची ही सकाळ, आणि हा पॅरिसचा प्लास द ला रेपुब्लिक. संयुक्त राष्ट्रांच्या कॉप-२१ हवामान परिषदेच्या आदल्या दिवशी इथून प्रचंड मोर्चा निघायचा होता. पण १३ नोव्हेंबरला शहरावर दहशतवादी हल्ले झाले, १३० जणांचे जीव गेले, आणीबाणी लागली आणि मोर्चाला मनाई झाली. मग आवाझ या मोहिमेने हाक दिली: आपल्याला चालता येणार नाही, बूट तरी पाठवा.

आणि लोकांनी ते पाठवले, हजारोंनी. जवळून बघा. उंच टाचांचे, खेळाचे, अगदी लहान मुलांचे. काहींत चिठ्ठ्या खोचलेल्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला लावायचा प्रयत्न दिसतोय, जणू आत्ता निघणार. हे काळे, साधे बूट पोप फ्रान्सिस यांनी पाठवलेले. हे धावायचे बूट संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांचे.

ज्या रस्त्याने मोर्चा जायचा होता, त्या बुलेव्हार व्होल्तेरवर पदपथाच्या कडेने माणसांनी हात धरले. बाताक्लां नाट्यगृहासमोर मात्र साखळी तोडली. तिथे माणसं मारली गेली होती. ती जागा त्यांच्यासाठी मोकळी सोडली. आंदोलकांना बेजबाबदार जमाव म्हणणारे असतात; याला तसं कोण म्हणेल?

दुपारी चौकात अश्रुधूर सुटला, २००हून जास्त जणांची धरपकड झाली.

या सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा होता: १.५. तो पॅरिसमध्ये जन्मला नाही. २००९च्या कोपनहेगन परिषदेत छोट्या बेटांच्या देशांनी तो लावून धरला होता. पृथ्वीची तापमानवाढ औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत दीड अंश सेल्सिअसच्या आत राहिली तरच आम्ही जगू, हे त्यांचं म्हणणं. मार्शल बेटांची जमीन समुद्रापासून सरासरी जेमतेम दोन मीटर उंच आहे, तिथे हा हिशेब कागदावरचा राहत नाही. कोपनहेगनने मात्र २ अंशांवर बोळवण केली. हा अर्धा अंश किरकोळ नाही. प्रवाळांचंच घ्या: आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या २०१८च्या अहवालानुसार दीड अंशाला ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांना जवळपास सगळेच. हा अहवाल नंतरचा; पण अर्ध्या अंशाचं मोल कार्यकर्ते कोपनहेगन ते पॅरिस अशी सहा वर्षं घराघरांत, चौकाचौकांत सांगत राहिले.

१२ डिसेंबर. आर्क द त्रिओंफजवळ लालच लाल. लांबलचक लाल कापडं, लाल फुलं, लाल छत्र्या. लाल रेषा म्हणजे जी ओलांडायची नाही ती.

त्याच दिवशी ल बुर्जेच्या सभागृहात, जिथे परिषद चालली होती, मार्शल बेटांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रम शिरले ते श्रीमंत-गरीब देशांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊनच. सगळ्यांच्या कोटावर नारळाच्या झावळीची पट्टी खोचलेली. संध्याकाळी परिषदेचे अध्यक्ष लॉरां फाब्यूस यांनी हिरवा हातोडा आपटला आणि पॅरिस करार संमत झाला. त्यात १.५ होतं. हा आकडा बेटांनी आत लढून आणि माणसांनी बाहेर उभं राहून मिळवलेला आहे.

पण कराराच्या हानी-नुकसानीच्या कलमाच्या आधारे भरपाई मागता येणार नाही, हेही सोबतच्या ठरावात लिहिलं गेलं. २०२४ हे दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. आणि हानी सोसणाऱ्या देशांसाठी निधी उभारायचं ठरायला २०२२ची इजिप्तमधल्या शर्म अल-शेखची हवामान परिषद उजाडावी लागली.