खिडकी उघडते का?

नमस्कार श्रोतेहो. मी एसीवाला माणूस. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझा छोटासा गाळा आहे आणि तीस-बत्तीस वर्षं डक्ट, म्हणजे एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे मार्ग, बनवणं, बसवणं हाच माझा धंदा. बँका, ऑफिसं, लग्नाचे हॉल, दोन-तीन हॉस्पिटलं, सगळीकडे छताच्या वर शिरून आलोय. साथीच्या दिवसांत सहल कशी निवडावी यावर बोला, असं मला सांगितलंय. या विषयावर डॉक्टर मंडळी तुमच्याशी पुष्कळ बोलली असतील. आज जरा मिस्त्रीचं ऐका.

गोष्ट कोरोनाच्या काळातली, डिसेंबर 2021 ची. दोन वर्षं कोंडून काढली होती, मोठ्यांचे दोन्ही डोस झाले होते, आणि घरात प्रत्येकाच्या पायाला खाज सुटली होती. 4 डिसेंबरला राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला, तोही कुठे, तर आपल्या डोंबिवलीत. पण माणूस किती दिवस घाबरणार? वाशीला राहणारा माझा मेहुणा त्याच आठवड्यात जेवायला आला आणि ताट पुसायच्या आत मोबाइल समोर धरला. मुंबई ते गोवा क्रूझ. डेकवर तरण तलाव, रात्री ऑर्केस्ट्रा, चार वेळचं खाणं. "भावोजी, सगळ्यांनी मिळून जाऊ. संक्रांतीच्या आसपास." नात नऊ वर्षांची. ती लगेच म्हणाली, बोट नको, खोपोलीकडचं ते राइड्सचं मोठं पार्क हवं, वर्गातली अर्धी मुलं जाऊन आली आहेत. खरं तर अर्धी काय, दोनच मुलं जाऊन आली होती. पण नऊ वर्षांच्या मुलीचं गणित वेगळं असतं.

झाली दोन पार्ट्यांत विभागणी. मी आपला वरणभात कालवत ऐकत होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "मला बोटच चालेल."

आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांची. साखरेच्या गोळ्या, गुडघे दुखरे. तिला बोट कशाला हवी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. तिचं माहेर जैतापूरच्या बाजूचं. लहानपणी मुंबईहून घरी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत ती मुसाकाजी बंदराला यायची, आणि मग बोटीतून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं. खाली पडाव हेलकावे खातोय, वरून ट्रंका, पोरं, म्हाताऱ्या, सगळं हातोहात खाली. आईला बोट इतकी लागायची की आलेपाकाची पुडी मुठीत धरून ती तासन्तास पडून असायची. तरीसुद्धा तिच्या तोंडी कौतुक त्याच बोटीचं. ती बोट बंद होऊनही आता तीन-चार दशकं झाली.

तर पेच हा होता. पार्क हवं त्या मुलीला लस नव्हती, कारण अठरा वर्षांखालच्यांना तेव्हा लसच नव्हती. बोट हवी त्या बाईचं वय आणि साखर दोन्ही वाढलेली. आमच्या सातजणांत सगळ्यांत जपायला हवीत ती नेमकी हीच दोघं, आणि दोघी दोन टोकांना!

मेहुणा म्हणाला, "सगळ्यांची टेस्ट करूनच बोटीवर घेतात, म्हणजे बोट जास्त सेफ." हे ऐकायला बरोबर वाटतं. पण टेस्ट हा त्या दिवसाचा फोटो आहे. आज ज्याच्या अंगात नुकतं शिरलंय, त्याचा रिपोर्ट आज निगेटिव्हच येणार. परवा तो माणूस बुफेच्या रांगेत तुमच्या मागे उभा असेल. आणि ती रांग समुद्रात आहे.

डायमंड प्रिन्सेस आठवते ना? फेब्रुवारी 2020, जपानचं योकोहामा बंदर. बोटीवर प्रवासी आणि कर्मचारी धरून 3,711 माणसं. हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि मग सगळ्यांना चौदा दिवस केबिनमध्ये बसवलं. शेवटी 712 जणांना लागण झाली. त्या बोटीवर 138 भारतीय होते, त्यातले प्रवासी फक्त सहा, बाकी 132 कामाला. प्रवासी केबिनमध्ये बंद, पण त्यांच्या दाराशी जेवण कोण पोचवणार? ही पोरं. दिवसभर ताटं वाहायची आणि रात्री सहकाऱ्याबरोबर छोट्या केबिनीत झोपायचं. तेव्हा टीव्हीवर ते मास्क लावून मदत मागणारे चेहरे पाहिले, आणि मला पहिला प्रश्न पडला तो माझ्या धंद्यातला : आतल्या बाजूच्या केबिनला खिडकी नसते, मग हवा येते कुठून?

आता इथे मला दोन मिनिटं द्या. पुष्कळांना वाटतं की एसी बाहेरची गार हवा आत आणतो. तुमच्या घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा अजिबात आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत तुमच्याच तोंडावर सोडतो. मोठ्या इमारतीत डक्टमधून थोडी ताजी हवा घेतात, पण थोडीच, कारण बाहेरची दमट, गरम हवा गार करायची म्हणजे वीजबिल वाढतं. मालक पहिल्यांदा बंद करायला सांगतो तो फ्रेश एअरचा डॅम्पर, म्हणजे ताज्या हवेची झडप. मी स्वतः बंद केलेत, लपवत नाही. जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी पत्र लिहून सांगितलं की हा विषाणू हवेतून पसरतो, त्याकडे लक्ष द्या. त्याआधी एप्रिलमध्येच आमच्या धंद्यातल्या इशरे या संस्थेने सूचना काढल्या होत्या : तापमान 24 ते 30 अंशांत ठेवा, आणि घरात एसी चालू असला तरी खिडकी किंचित उघडी ठेवा. माझे जुने गिऱ्हाईक फोनवर हसायचे. "एसी लावून खिडकी उघडी? मिस्त्री, तुम्हालाच काहीतरी झालंय."

नातीला मी हे उदबत्तीने दाखवलं. हॉलची दारं-खिडक्या लावल्या, एसी चालू केला, मधोमध एक उदबत्ती लावली. धूर वर गेला, एसीच्या तोंडाशी पोचला, फेकला गेला, समोरच्या भिंतीवरून खाली उतरला आणि परत वर. पाच मिनिटांत अख्ख्या खोलीत वास, आणि उन्हाच्या तिरिपीत धुराचा पडदा तरंगताना स्पष्ट दिसत होता. मग तिला म्हटलं, आता खिडकी चार बोटं उघड, आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लाव. धूर जसा काही नाव घेऊन हाक मारल्यासारखा स्वयंपाकघराकडे निघाला. ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे तो धूर म्हणजे खोकला?" मी म्हटलं, खोकला, बोलणं, गाणं, सगळंच.

आणि किंचाळणं! पार्कातली मोठी भानगड ती. 2020 च्या उन्हाळ्यात जपानमधली पार्कं उघडली तेव्हा नियम आला, रोलर कोस्टरवर ओरडायचं नाही. फुजी-क्यू नावाच्या पार्कातल्या दोन साहेबांनी सुटाबुटात, मास्क लावून कोस्टरवर बसून दाखवलं, चेहऱ्यावर सुरकुती नाही, आणि शेवटी पाटी : कृपया मनातल्या मनात किंचाळा. जपानी माणसाला जमत असेल. आपल्याकडे एसटी जरा जोरात वळली तरी अर्धी गाडी बोंबलते.

मेहुण्याने पेपर वाचला होता. तो म्हणाला, "पार्कातही कोंडतात. शांघायचं डिस्नेलँड बघा." खरं होतं. 31 ऑक्टोबर 2021 ला तिथे येऊन गेलेल्या एका बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून गेट बंद केलं, आत असलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांची टेस्ट केली, आणि वर आकाशात रोजच्यासारखी आतषबाजी चालू. खाली पांढऱ्या पोशाखातल्या नर्सेस. मी म्हटलं, बरोबर, पण ती माणसं त्या रात्री घरी गेली. बोटीवरून रात्री घरी जायचं तर पोहावं लागेल. बंदरात लागली तरी उतरायची परवानगी बंदरवाल्यांच्या हातात. हा नियम आजचा नाही. क्वारंटीन हा शब्दच मुळात बोटींचा आहे, व्हेनिसच्या लोकांनी बोटी चाळीस दिवस दूर उभ्या करायला लावल्या, त्या चाळिसावरून आला.

म्हणून मी घरात दोनच प्रश्न ठेवले. खिडकी उघडते का? आणि मनात आलं की निघता येतं का? सगळ्या जाहिराती या दोन प्रश्नांपुढे ठेवा आणि मग काय ते ठरवा. पार्क जिंकलं. आई काही बोलली नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे, ती मला चांगली कळते.

डिसेंबरच्या मधल्या एका बुधवारी सकाळी सातला ठाणे सोडलं, महाप्याहून पनवेल, पुढे एक्स्प्रेस वे. मधल्या वाराला गर्दी अर्धी असते, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, पण सुट्टी टाकायला कुणी तयार नसतं. उघड्यावरच्या राइड्सची मला काळजी नव्हती. वारं वाहतंय, ऊन आहे, नाचा. धोका भलतीकडेच होता. पत्र्याच्या शेडखाली नागमोडी लोखंडी कठड्यांत माणसं वीस-वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर श्वास टाकत उभी, आणि पुढे अंधाऱ्या हॉलमधली राइड. मी आत शिरल्या शिरल्या वर बघितलं. रिटर्न एअरची, म्हणजे हॉलमधली हवा परत ओढून घेणारी जाळी धुळीने काळी, म्हणजे हवा जोरात ओढतेय. ताज्या हवेची सोय कुठे दिसेना. हिने कोपर मारलं, "वर काय बघताय? समोर राक्षस आलाय." आम्ही त्या राइडमधून मागच्या मागे बाहेर पडलो. नात रुसली. जेवायला एसी हॉल सोडून बाहेर कडुनिंबाखाली बसलो, माश्या होत्या, पण बसलो. कोस्टरवर मी तिला सांगितलं होतं, मनातल्या मनात. पहिल्या उताराला तिने जी आरोळी ठोकली ती पालीपर्यंत गेली असेल. त्यानंतर लगेच माझीही.

संध्याकाळी सहाला निघालो, आठ-साडेआठला घरी. कुणाला काही झालं नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली. नववर्षाला गोव्याला गेलेल्या मुंबईच्या क्रूझवर साधारण दोन हजार माणसं, त्यातले 66 पॉझिटिव्ह. बोट गोव्यात थांबलेली. 10 जानेवारीपासून राज्यात पार्कंही बंद झाली. मेहुण्याने आपलं बुकिंग रद्द केलं, पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचं कुपन मिळालं. "मी म्हटलं होतं" हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर होतं. हिने डोळे वटारले, म्हणून गिळलं.

बरं झालं गिळलं. कारण संक्रांतीनंतर हिच्या हळदीकुंकवाला चार बायका आल्या. थंडी होती, डास येतात म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि नंतर उकडतंय म्हणून स्प्लिट लावला. मी स्वतःच्या हाताने बसवलेला, दीड टनाचा. चौथ्या दिवशी मी, ही आणि आमचा मुलगा, तिघांना ताप. उदबत्तीचा प्रयोग ज्या हॉलमध्ये केला, त्याच हॉलमध्ये. नात दारातून विचारायची, "आजोबा, खिडकी उघडली होती का?" आईला आम्ही आतल्या खोलीत ठेवलं होतं, ती वाचली.

पुढच्या वर्षी थंडीत मी आईला भाऊच्या धक्क्यावर नेलं. मांडव्याला जाणारी रो-रो बोट, 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि लॉकडाऊनने लगेच थांबली होती, ती. तासाभराचा प्रवास. पोटात गाड्या, वर एसी हॉल. आईला हॉलमध्ये बसवायला तिथला पोरगा धावला. "आजी, आत बसा, वारा लागेल." ती कठड्याला धरून उघड्या डेकवर उभी राहिली ती राहिलीच. धक्का मागे गेला, सीगल मागे आले, मुंबई धुरकट झाली. मी खिशातून आलेपाकाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने एक वडी तोंडात टाकली, आजूबाजूच्या माणसांकडे एकवार निरखून पाहिलं, आणि म्हणाली,

"ही कसली बोट? कुणाला लागत पण नाही."